बसलेल्या माणसाचा उजेड

माझ्या धाकट्या भावाला सगळे गोट्या म्हणतात. मिशा पिकल्या, डोक्यावर चंद्र उगवला, कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य आचारी म्हणून शेकडो माणसांना जेवू घालून झालं, तरी गोट्या तो गोट्याच. नाव मीच ठेवलेलं. तक्रार करायची तर माझ्याकडे करावी लागते, आणि तेवढी त्याची छाती नाही.

हा गोट्या शिडीवरून पडला. पाठीचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण पायांनी जे अंग काढून घेतलं ते घेतलंच. घरात चाकांची खुर्ची आली आणि तिच्या पाठोपाठ मी आले. माझी भावजय जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, दूरच्या शहरात नोकरीला. मी आयुष्यभर शिवणकाम केलं, मला विचारणारं घरी कोणी नाही. शेजारणीच्या हातात किल्ली दिली आणि निघाले.

खुर्चीतून गोट्या घरभर फिरायला शिकला. आंघोळ, कपडे, अंथरूण, सगळं आपलं आपण करू लागला. फक्त स्वयंपाकघराच्या दारापाशी आला की खुर्ची वळवायचा. मी ताट हातात द्यायची नि तो मुकाट्याने जेवायचा. पूर्वी माझ्या हातचं काही खायचं म्हटलं की नावं ठेवल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. आता मीठ विसरले तरी हूं की चूं नाही. त्याचं ते गप्प जेवणं मला खायला उठायचं.

भाची दर रविवारी फोन करायची. मुलगी गुणाची आहे, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. आमच्या घराण्याचाच वाण तो.

"आत्या, तू किती दिवस तिथे अडकून पडणार?" ती म्हणाली. "आणि तू गेलीस तर बाबांचं काय? त्यांना साधा चहा करून घेता येत नाही. मी त्यांना इकडे आणते. ते घर बंद करून टाकू."

"तुझ्या त्या दोन खोल्यांत तो दिवसभर काय भिंती मोजत बसेल?"

"तिथे तरी दुसरं काय करतात?"

गोट्या समोरच बसून ऐकत होता. त्याला जायचं नव्हतं. ते त्याच्या खाली घातलेल्या मानेवरून मला कळत होतं, पण तोंडातून शब्द काढेल तर शपथ. शेवटी मीच म्हटलं, "स्वयंपाकघराचं काम काढलंय. ते उरकलं की ये, तुझ्या डोळ्यांनी बघ आणि मग काय ते ठरव." ती हो म्हणाली. म्हणजे गोट्या स्वतःच्या घरात राहणार की मुलीच्या घरी पाहुणा होऊन जाणार, हे आता त्या एका खोलीवर येऊन ठेपलं होतं.

काम काढलं होतं ही मात्र थाप नव्हती. एका सकाळी मिक्सर लावायला गेले तर प्लगपाशी फटकन ठिणगी उडाली आणि भिंतीवर काजळी धरली. वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला, आत नाक खुपसून वास घेतला आणि म्हणाला, "काकू, ही वायर माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. सगळीच बदलावी लागणार." मग सुतार म्हणाला, भिंत फोडताच आहात तर ओट्याखालचे कुजलेले दरवाजेही काढून टाकू. बघता बघता स्वयंपाकघर उघडंबोडकं झालं. राहिला ओट्याचा दगड, वरची लाकडी कपाटं आणि मधली सोललेली भिंत. शेगडी मी मागच्या खोलीत मांडली आणि तिथे घामेजल्या तोंडाने स्वयंपाक करू लागले.

हा वायरमन बडबड्या होता, पण त्याची काम करायची एक रीत होती. त्याच्या खिशात टेस्टरबरोबर रंगीत खडू असायचा.

"काकू, पॉइंट कागदावर ठरवायचे नाहीत," तो म्हणाला. "कागदावर सगळंच बरोबर दिसतं. मग टाइल्स बसल्या की फोन येतो, अहो, किटलीची वायर पोचत नाही. तुम्ही ओट्यापुढे उभ्या राहा आणि चहा करा."

"कशाचा करू? इथे चमचासुद्धा नाही."

"हवेचा करा. तुमचा हात जिथे थांबेल तिथे मी खूण करतो."

या वयात मी हवेचा चहा केला. नसलेला नळ सोडला, नसलेली किटली भरली, नसलेला डबा वरच्या कपाटातून काढला. वायरमन माझ्या मागे मागे सरकत भिंतीवर फुल्या मारत होता. किटलीचा पॉइंट इथे, मिक्सरचा तिथे, नळापासून हात-दीड हात लांब, फ्रिजचा वेगळा. मध्येच मागे वळून बघितलं तर गोट्या बाहेरच्या खोलीतून मान लांब करून हा खेळ बघत होता. माझी नजर जाताच त्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते उलटं नव्हतं एवढंच.

माझा खरा हट्ट उजेडाचा होता. त्या स्वयंपाकघरात छताला एक नळीचा दिवा होता, आणि तो नेमका पाठीमागे. ओट्याशी उभं राहिलं की आपलीच सावली विळीवर. कांदा चिरायचा की बोट, हे अंदाजाने ठरवायचं. शिलाई मशीनला बघा, सुईच्या नाकापाशी छोटा दिवा असतो. जिथे काम तिथे उजेड, एवढी साधी गोष्ट स्वयंपाकघरं बांधणाऱ्यांना सुचत नाही, कारण बांधणारे कांदा चिरत नाहीत. मी वायरमनला म्हटलं, "वरच्या कपाटांच्या बुडाशी दिवे हवेत मला. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"पट्टी लावू," तो म्हणाला. "आधी नुसती चिकटवून दाखवतो. आवडली तर पक्की करू."

दुसऱ्या दिवशी त्याने कपाटांखाली मागच्या भिंतीजवळ ती दिव्यांची पट्टी चिकटपट्टीने लावली, बाहेरून वायर ओढली आणि बटण दाबलं. ओट्याचा दगड असा उजळला की त्याच्यातले ठिपके मला पहिल्यांदाच दिसले. सावली कुठे नावाला नाही. मी हरखून गेले. "गोट्या, ए गोट्या, बघ तरी येऊन!" मी ओरडले.

मला वाटलं नव्हतं तो येईल. पण कदाचित माझ्या आवाजातला आनंद मोडवेना म्हणून असेल, तो आला. शिडीवरून पडल्यानंतर पहिल्यांदाच त्याची खुर्ची त्या दारातून आत आली. मी बाजूला झाले. त्याने ओट्याकडे मान वर केली आणि लगेच डोळ्यांवर हात धरला.

"काय झालं?"

"काही नाही. डोळ्यात येतंय."

"काका बसलेत ना, म्हणून," वायरमन म्हणाला. "उभ्या माणसाला पट्टी दिसतच नाही. आणि स्वयंपाक काय, काकूच करणार ना?"

"हो, मीच," मी म्हटलं. विचार करून नाही, तोंडातून निघून गेलं.

गोट्याने हात खाली घेतला. "मग झालं तर. ताईला बरं पडतंय ना, चांगलंय," एवढं बोलून त्याने खुर्ची वळवली आणि बाहेर गेला. रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

तो गेल्यावर त्याची खुर्ची होती तिथे मी वाकले. गुडघ्यांनी कुरकुर केली, केली तर केली. खाली त्याच्या नजरेच्या उंचीवर आले आणि वर पाहिलं. ती दिव्यांची रांगच्या रांग उघडी, सरळ डोळ्यांत घुसत होती. ओट्यावर काय आहे ते दिसेना. मग तिथूनच हात लांब केला, किटलीच्या फुलीकडे. हात दगडाच्या मध्यावरच संपला. फुली राहिली पलीकडे भिंतीवर, मला वाकुल्या दाखवत.

मी तशीच फरशीवर बसले. सगळं आयुष्य लोकांची मापं घेण्यात गेलं. कपडा एकीचा आणि फीत दुसरीच्या अंगाला, असं माझ्या हातून कधी झालं नाही. आणि इथे माझ्या सख्ख्या भावाच्या घरात मी प्रत्येक माप माझ्याच अंगावरून घेतलं होतं. फोनवर भाचीशी भांडत होते की त्याला घराबाहेर काढू नकोस, आणि इकडे स्वतःच्या हाताने त्याला स्वयंपाकघराबाहेर काढत होते. मला माझी इतकी चीड आली की ती मी वायरमनवर काढली.

"तुम्हाला नाही का कळत? घरात खुर्ची दिसत नाही?"

"तुम्ही उभ्या राहिलात, मी खुणा केल्या," तो बिचारा म्हणाला. "मला वाटलं, काकांना आता आत काही काम नसेल."

"मलाही तसंच वाटलं असणार," मी म्हटलं. मग त्याला उद्या लवकर यायला सांगितलं आणि ओला फडका घेऊन भिंतीवरच्या सगळ्या फुल्या पुसून टाकल्या.

गोट्याला जाऊन 'चल, तुझी मापं देऊ' असं म्हटलं असतं तर त्याने 'राहू दे गं ताई' म्हणून मान फिरवली असती. मी त्याला लहानपणापासून ओळखते. त्याला काही करायला सांगायचं नसतं. त्याच्यासमोर ते काम चुकीचं करायचं असतं.

सकाळी तो पलंगावर पाठीचा व्यायाम करत होता, खुर्ची शेजारी रिकामी होती. वायरमनची पिशवी दारात वाजली तशी मी खुर्चीत बसले आणि निघाले.

"ताई! कुठे चाललीस?"

"चहा करायला."

"माझ्या खुर्चीतून?"

"मग काय तुझ्या डोक्यावर बसून जाऊ?"

त्याच्या खोलीचं दार आणि स्वयंपाकघराचं दार समोरासमोर. पलंगावरून त्याला सगळं दिसत होतं. मी चौकटीत अडकले. मागे घेतलं, पुढे घेतलं, पुन्हा अडकले. वायरमन हसू दाबत भिंतीला चिकटून उभा.

"तिरकी घे," पलंगावरून आवाज आला. "अगं, आधी तिरकी घे नि मग सरळ कर."

कशीबशी आत गेले. ओट्याशी जाऊन दगडाला हात टेकला, पुढे वाकले, तर खुर्ची मला घेऊन मागे निघाली.

"ब्रेक! ब्रेक लाव आधी! दगडाला रेटलंस की खुर्ची मागे जाणारच."

"मला काय माहीत?" मी ओरडले. "मी रोज बसते का?" खरं सांगायचं तर पुढचं सगळं मी मुद्दाम केलं नाही. मला खरंच काही जमत नव्हतं. नळाकडे वळले तर गुडघा दगडाच्या कडेवर आपटला, भिंतीकडे हात नेला तर काख ताणली गेली. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते गुडघ्याचं नव्हतं. हा माणूस रोज एवढं करून खोलीतून खोलीत जातो, आणि मी त्याला ताट हातात देऊन उपकार केल्यासारखी वावरत होते.

"समोरून नको, बाजूने लाव खुर्ची," तो ओरडत होता. "छे, छे. अगं, किटली अशी धरतात का? आण ती खुर्ची इकडे. तुला नाही जमायचं. ऊठ!"

मी उठले. खुर्ची त्याच्यापाशी नेली. तो तिच्यात सरकला, एकदा तिरका, एकदा सरळ, आणि चौकटीला न लागता आत गेला.

ओट्याखालचे दरवाजे सुताराने नेले होते. गोट्याची बाहुलीसारखी बुटकी बायको, तिच्यासाठी म्हणून हा ओटाही बुटका बांधलेला. या ओट्यापायी माझी पाठ धरायची आणि मी त्याला रोज शिव्या घालायचे. गोट्याचे गुडघे त्याच्याखाली अलगद गेले. त्याने ब्रेक लावला आणि दोन्ही तळहात दगडावर ठेवले.

मग त्याने नसलेला कांदा उचलला. सोलला, मधून कापला, सपाट बाजू खाली ठेवली आणि चिरायला लागला. इतका भराभर आणि इतका बारीक, की मला तो कांदा दिसायला लागला. चिरता चिरताच म्हणाला, "मागे नको ती पट्टी. कपाटाच्या पुढच्या कडेला घ्या, नि तोंड भिंतीकडे करा. पुढून चार बोटं लाकूड खाली सोडायला सांगा सुताराला, म्हणजे दिवा लपेल. उजेड हातावर पडला पाहिजे, तोंडावर नाही."

"वर दुधी झाकणही टाकतो," वायरमन म्हणाला आणि खडू काढून खालीच बसला.

"बटण भिंतीवर नको. इथे, दगडाच्या कडेखाली, माझ्या डाव्या हाताशी. किटली उचलणार नाही मी, सरकवणार. म्हणजे तिचा पॉइंट या बाजूच्या भिंतीला, पुढे. आणि मिक्सरचा इथे, नळाशेजारी."

"तिथे नाही, काका."

"का नाही? भांडं धुतलं की लगेच लावता येईल."

"पाणी उडेल. ओला हात नि प्लग, नको. तुम्ही रागवा पाहिजे तर."

गोट्या रागावलाच. कँटीनमध्ये त्याला नाही म्हणणारा माणूस टिकत नसे. दोघांची चांगली जुंपली. वायरमन काही हटला नाही. शेवटी मिक्सर दुसऱ्या टोकाला गेला आणि गोट्याला तिथे जायला खुर्ची एकदा वळवावी लागणार हे नक्की झालं. त्याने ती दोनदा वळवून बघितली आणि कुरकुरत मान्य केलं. मी दारात उभी राहून पोटभर ऐकत होते. त्या दुपारी जेवताना तो म्हणाला, "ताई, भात आहे की खळ?" मी त्याला चार शिव्या दिल्या आणि आत जाऊन पदराने डोळे पुसले.

काम संपलं, भिंतीतल्या खाचा बुजल्या, टाइल्स बसल्या. त्यानंतर रोज सकाळी तो आत जायचा आणि मला बाहेर काढायचा. आतून भांडी पडायची, झाकणं गडगडायची, एकदा काहीतरी फुटलं. मी विचारलं की "काही नाही!" असं ओरडायचा. एकदा बोटाला चटका बसला, तर तो मला दाखवायला तयार नाही.

भाची आली ती मोठी रिकामी बॅग घेऊनच. बापाचं सामान भरायची तयारी. मी त्या बॅगेकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं.

"बसा दोघी," गोट्या म्हणाला. "चहा आणतो."

भाचीचे डोळे मोठे झाले. तो आत गेला. खट्ट करून बटण वाजलं, दाराच्या फटीतून फरशीवर उजेड पडला. नळ सुटला. किटली दगडावरून सरकल्याचा आवाज आला. मग धाडकन काहीतरी खाली पडलं आणि घरंगळत गेलं. भाची ताडकन उठली. मी तिचं मनगट धरलं.

"बस."

"अगं आत्या, गरम पाणी आहे. भाजलं-बिजलं तर?"

"बस म्हटलं ना."

तिचं मनगट धरलं होतं म्हणून मी खुर्चीला टिकून होते, नाहीतर तिच्या आधी आत पोचले असते. आतून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग चाकांचा आला. उंच काठाचा ट्रे मांडीवर, त्यात झाकणाचा थर्मास आणि कप, असा गोट्या दारातून तिरका, मग सरळ बाहेर आला. "चमचा पडला," तो म्हणाला. "उचलायचा राहिलाय, कोणाच्या पायात येईल." त्याने कपात चहा ओतला, बशीत थेंबही सांडला नाही.

भाचीने घोट घेतला. कप घेऊनच ती आत गेली. बटण लागल्याचे, बंद केल्याचे, पुन्हा लावल्याचे आवाज आले. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल होतं.

"बाबा, साखर वरच्या कपाटात का ठेवलीय? तुम्हाला पोचत नाही ती."

"मी बिनसाखरेचा पितो. ती ताईची."

"बरं," ती म्हणाली. मग माझ्याजवळ बसून हळूच म्हणाली, "आत्या, मी पुढची सुट्टी इथेच काढीन म्हणते. बाबांच्या हातचं जेवून किती दिवस झाले." घर बंद करायचा विषय तिने काढला नाही. बॅग तशीच भिंतीशी उभी होती, तिच्याकडे ती बघेना.

गोट्याने माझा कप पुन्हा भरला. वर बघून, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "ताई, तुझ्या गाडीचं तिकीट काढायला सांगू का हिला? उगाच अडकून पडलीयस माझ्यासाठी."

हेच तर मला हवं होतं. याच्यासाठीच मी भाचीशी भांडले, फुल्या पुसल्या, गुडघा फोडून घेतला. आनंद झाला, खूप झाला. आणि तरीही मी कप खाली ठेवला, कारण सकाळी उठून कोणाला तरी हाक मारायची सवय मला इथे लागली होती. तिकडे हाक मारायला कोणी नव्हतं.

"सांग की," मी म्हटलं. "खिडकीजवळची जागा मिळते का बघ म्हणावं."